अडकलेली डिक्की: जुन्या गाडीचं लॉक घरीच सोडवायची आणि दुरुस्त करायची रीत

पेरणीच्या तोंडावर खत-बियाणं, दिवाळीच्या आसपास सोयाबीन आणि कापूस. गावातल्या जुन्या मारुती ८०० नं, ऑल्टोनं किंवा इंडिकानं या दिवसांत माणसांपेक्षा पोती जास्त वाहिलेली असतात. गाडी पांदण रस्त्यानं वावरापर्यंत जाते. चालत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि चाकांनी उडवलेली धूळ त्या पोकळीत ओढली जाते. म्हणूनच बॉनेटपेक्षा डिक्कीवर धुळीचा थर जाड असतो, आणि डिक्कीच्या फटीतून ती धूळ थेट लॉकच्या तोंडाशी जाऊन बसते. मग एक दिवस लीव्हर ओढला तरी डिक्की जागची हलत नाही. माल आत, स्टेपनी आत, जॅकही आतच.

अशा वेळी बहुतेक जण दोन गोष्टी करतात. जोर लावतात, नाहीतर फटीतून तेल ओततात. जोरानं लीव्हर तुटतो. तेलानं दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी धूळ आणखी चिकटते. आपल्याकडच्या कोरड्या, मुरमाड धुळीत डिक्कीचं लॉक जंगानं अडकतं त्यापेक्षा धूळ आणि जुन्या ग्रीसच्या लगद्यानं जास्त अडकतं. त्यामुळे इथं तेल देण्यापेक्षा लॉक धुणं महत्त्वाचं. खालची सगळी रीत त्यावरच उभी आहे.

लॉकच्या आत काय चालतं

लॉक म्हणजे तळहातात मावेल एवढी पत्र्याची डबी. आत कामाच्या तीनच गोष्टी असतात. एक, खाच असलेला फिरता तुकडा. त्याला इथं जबडा म्हणू. दोन, त्या जबड्याला अडवून धरणारा खटका. तीन, दोघांना आपापल्या जागी परत आणणाऱ्या स्प्रिंगा. लॉकच्या समोर नालेसारखी वाकवलेली जाड सळई असते, ती कडी. काही गाड्यांत लॉक झाकणात आणि कडी खालच्या पट्टीवर असते, काहींत नेमकं उलट. आपल्या गाडीत काय आहे ते डिक्की चालू असतानाच एकदा पाहून ठेवलेलं बरं.

झाकण लावताना कडी जबड्याच्या खाचेत शिरते आणि त्याला फिरवते. जबडा पुरता फिरला की खटका त्याच्या दातामागे बसतो. लीव्हर किंवा चावी एवढंच करते की खटक्याला ओढून बाजूला घेते. पुढे जबड्याची स्प्रिंग जबडा परत फिरवते आणि कडी सुटते.

बंद डिक्कीत भोवतालचं रबर दबलेलं असतं आणि ते झाकणाला सतत बाहेर ढकलत असतं. हा सगळा दाब कडीवरून जबड्यावर आणि जबड्याच्या दातावरून खटक्याच्या टोकावर येतो. खटका ओढायला जड जातो तो या दाबामुळे. झाकण हातानं दाबून धरलं की हा दाब निघून जातो आणि एरवी न हलणारा खटका अलगद सरकतो. मिस्त्री लोक आधी डिक्कीवर हाताचा दाब का देतात, त्याचं कारण हेच.

आधी लीव्हरची नाडी पाहा

हत्यार हातात घ्यायच्या आधी सीटजवळचा लीव्हर दोन-तीन वेळा सावकाश ओढून पाहा. निम्मं निदान तिथंच होतं.

लीव्हर अगदी ढिला येतो, कसलाच ताण लागत नाही: केबल तुटली आहे किंवा एखाद्या टोकाकडून निसटली आहे. लॉक बहुधा ठीक आहे.

लीव्हर दगडासारखा घट्ट: केबल तिच्या नळीत जाम झाली आहे, किंवा खटका लगद्यात रुतला आहे. इथं जोर लावू नका. जुन्या गाड्यांत लीव्हरचं बूड प्लास्टिकचं किंवा पातळ पत्र्याचं असतं, ते आधी तुटतं.

लीव्हर नेहमीसारखा येतो, मागे टक असा आवाजही होतो, पण झाकण उचलत नाही: खटका सुटतो आहे, जबडा फिरत नाही. त्याची स्प्रिंग अशक्त झाली आहे, किंवा रबर झाकणाला चिकटलं आहे. मे अखेरच्या नवतप्याच्या उन्हात, पारा ४५ अंशांच्या वर गेल्यावर, उभ्या गाडीचं जुनं रबर रंगाला अक्षरशः चिकटतं.

लीव्हरनं उघडत नाही पण चावीनं उघडतं, तर दोष केबलीत. चावी फिरते पण काहीच होत नाही आणि लीव्हरनं उघडतं, तर चावीच्या सिलिंडरमागची दांडी निसटली आहे. दोन्हीनं उघडत नसेल तर लॉककडेच जावं लागेल.

बंद डिक्की उघडणं

दोन माणसं लागतात. एकानं झाकणावर, लॉकच्या नेमकं वर, दोन्ही तळहात ठेवून घट्ट दाबायचं. दुसऱ्यानं लीव्हर पूर्ण ओढून तसाच धरून ठेवायचा. मग पहिल्यानं दाब हळूहळू सोडायचा. लीव्हर धरलेला असतानाच दाब सोडायचा, उलट क्रम झाला तर उपयोग नाही. पाच-सहा वेळा करा. मधूनमधून लॉकच्या आसपास मुठीच्या मऊ बाजूनं ठोका, धक्क्यानं लगदा फुटतो. केबलीची गाडी अडकली तर आधी हाच उपाय करा, बऱ्याच डिक्क्या एवढ्यावर उघडतात.

आतला माल झाकणाला टेकून दाब देत असेल तर गाडी मोकळ्या जागेत पायी चालण्याच्या वेगानं पुढे घ्या आणि एकदम ब्रेक दाबा. पोतं पुढे सरकतं आणि झाकण मोकळं होतं. मागच्या सीटवर त्या वेळी कुणी बसलेलं नको.

तरी उघडलं नाही तर डब्ल्यूडी-४० सारख्या स्प्रेची नळी झाकणाच्या फटीतून लॉकच्या दिशेनं आत घाला. तीन-चार फवारे मारून वीस मिनिटं थांबा आणि दोघांनी पुन्हा तेच करा. इथं स्प्रे वापरायला हरकत नाही, कारण काम फक्त आत्ता उघडण्याचं आहे. कायमचं वंगण म्हणून तो उपयोगाचा नाही, पातळ भाग उडून जातो.

केबलीचा दोष वाटत असेल तर लीव्हरच्या बाजूची प्लास्टिकची पट्टी काढा. खाली केबलीची आतली तार दिसेल. लॉक होणाऱ्या पकडीनं ती तार पकडा आणि सरळ रेषेत ओढा, वाकडी नाही. साध्या पकडीतून तार घसरते आणि तिचे पदर सुटतात. तार ओढल्यावर डिक्की उघडली तर दोष फक्त लीव्हरजवळच्या टोकात आहे, आणि ते काम अर्ध्या तासाचं.

हेही जमलं नाही तर आतून जायचं. हॅचबॅक गाडीत मागची सीट पुढे पाडली की डिक्कीत वाट मिळते. टॉर्च घेऊन आत सरका, लॉकवरचं कव्हर काढा आणि खटक्याला जोडलेली कानी (केबल अडकते ती छोटी पट्टी) पेचकसानं केबलीच्या ओढीच्या दिशेनं ढकला. बाहेरच्या माणसानं त्याच वेळी झाकण दाबून सोडायचं.

एस्टीम, इंडिगोसारख्या मागे वेगळी डिक्की असलेल्या गाडीत काम वाढतं. आधी मागच्या सीटची बैठक निघते. ती बहुतेक गाड्यांत पुढच्या कडेला दोन क्लिपांत अडकवलेली किंवा एक-दोन बोल्टांनी बसवलेली असते. मग पाठीच्या खालच्या कडेचे बोल्ट, १० किंवा १२ च्या पान्यानं सुटणारे. ते काढले की पाठ वर उचलून हुकांतून सुटते. मागच्या पत्र्यात मोकळी जागा असेल तर लांब पेचकस किंवा टोक वाकवलेली सळई घालून लॉकपर्यंत पोहोचता येतं. जागा नसेल तर मागच्या काचेखालच्या फळीतल्या स्पीकरचं भोक बघा.

डिक्कीत सीएनजी किंवा एलपीजीची टाकी बसवलेली असेल तर हत्यार त्या नळ्यांवर टेकू देऊ नका. गॅसचा वास येत असेल तर काम थांबवून आधी गॅसवाल्याला बोलवा. आणि कुठल्याही गाडीत मागच्या बाजूला ग्राइंडर किंवा वेल्डिंग नको. पेट्रोलची टाकी तिथून हातभर अंतरावर असते.

सब्बल किंवा टायरच्या पट्टीनं झाकण उचकटणं हा सगळ्यात महाग उपाय. पत्र्याची कड एकदा वाकली की लॉक नवं टाकूनही झाकण नीट बसत नाही, पावसाळ्यात पाणी आत येतं आणि पुढे डेंटरकडं जावं लागतं ते वेगळंच.

लॉक काढणं आणि धुणं

लागणारं सामान: १० चा टी-पाना (काही गाड्यांत ८ किंवा १२), चपटा आणि चौकडीचा पेचकस, नाकाडी पकड, जुना टूथब्रश, सायकलच्या चाकाची एक आरी (स्पोक), पसरट डबा, पाव लिटर रॉकेल किंवा डिझेल, शिलाई मशीनचं तेल, थोडं लिथियम ग्रीस आणि जुनं सुती कापड. काम सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर सावलीत करा. दुपारी पत्र्याला हात लावत नाही, आणि तापलेली प्लास्टिकची क्लिप उचकटली की वाकडी होते. हिवाळ्याच्या पहाटे तीच क्लिप कडक होऊन तुटते.

झाकण आधी बांबूनं किंवा फळीनं टेकवा. हॅचबॅकचं झाकण उचलून धरणाऱ्या दोन गॅसच्या दांड्या जुन्या झाल्या की झाकण मधेच खाली येतं, थेट मानेवर. मागे डिक्की असलेल्या गाडीत बिजागराजवळ पिळदार सळ्या दिसतील. त्या ताणलेल्या असतात आणि सुटल्या तर हाताला मार बसतो. त्यांना हात लावू नका, या कामात त्यांची गरजही नाही.

आतलं पॅनल प्लास्टिकच्या क्लिपांवर बसलेलं असतं. पॅनल हातानं खेचायचं नाही. चपट्या पेचकसाला कापड गुंडाळून प्रत्येक क्लिपच्या अगदी जवळ घाला आणि एकेक उचला. जुन्या हार्डबोर्डच्या पॅनलमध्ये क्लिपची जागा ओल खाऊन भुसभुशीत झालेली असते, तिथं क्लिप पॅनलसकट फाटून येते.

बोल्ट ढिले करण्याआधी लॉकच्या कडेनं पत्र्यावर मार्करनं रेघ ओढा, नेलपॉलिशही चालतं. बोल्टांची भोकं लांबट असतात म्हणजे लॉक इकडेतिकडे सरकू शकतं. ही रेघ नसेल तर परत बसवताना तासभर झाकण जुळवत बसावं लागेल. केबल कुठल्या खाचेत अडकली आहे आणि कोणती दांडी कुठं जाते याचे दोन-तीन फोटो मोबाईलमध्ये घेऊन ठेवा. मग केबलीचं टोक, दांडीची क्लिप आणि डिक्कीच्या दिव्याची वायर असेल तर तिचा प्लग सोडवा. शेवटी बोल्ट. ते झाकणाच्या पोकळीत पडले तर काढणं फार जिकिरीचं, म्हणून खाली कापड कोंबून ठेवा.

लॉक हातात आलं की तोंडाशी पाहा. काळसर, घट्ट, चिकट लगदा दिसेल, आणि कापूस वाहणाऱ्या गाडीत त्यात रुईचे धागे गुंतलेले असतील. हे धागे सगळ्यात वाईट. ते ग्रीस पितात, फुगतात आणि खटक्याच्या पिनेभोवती गुंडाळून बसतात. वरून कितीही स्प्रे मारला तरी निघत नाहीत. सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार वाहिलेल्या गाडीत बारीक टोकदार काड्या स्प्रिंगेच्या वेटोळ्यात अडकलेल्या सापडतात.

लॉक रिपिटांनी जोडलेलं असतं. ते उघडायच्या भानगडीत पडू नका. रिपिट फोडून परत ठोकली की डबीचे दोन पत्रे कमी-जास्त दाबले जातात आणि जबडा एकतर जाम होतो किंवा डुगडुगतो. न उघडता धुता येतं. डब्यात लॉक बुडेल एवढं रॉकेल घ्या. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं. अर्धा तास भिजू द्या. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ ठिणगी धरते. लॉकला वायरीचा स्विच जोडलेला असेल तर तो आधी काढा. निघत नसेल तर लॉक बुडवायचं नाही, ब्रशनंच धुवायचं.

भिजल्यावर आरीचं टोक हुकासारखं वाकवून पिनेभोवतीचे धागे ओढून काढा, मग ब्रशनं घासा. पेचकसाची दांडी कडीच्या जागी घालून जबडा फिरवा, खटका ओढून सोडा. असं पंचवीस-तीस वेळा, लॉक डब्यात बुडवूनच. पहिलं पाणी काळं होईल. ते टाकून थोडं नवं घ्या आणि पुन्हा करा. नवं स्वच्छ राहिलं की लॉक धुतलं गेलं असं समजा. वापरलेलं रॉकेल-डिझेल विहिरीजवळ किंवा गुरांच्या टाक्याजवळ ओतू नका. डिझेल वापरलं असेल तर त्याचा तेलकटपणा मागे उरतो, त्यामुळे शेवटी कपड्याच्या साबणाच्या पाण्यात एकदा धुऊन घ्या. मग लगेच वाळवा. पंक्चरच्या दुकानातली हवा मारली तर उत्तम, नाहीतर दोन तास कडक ऊन.

आता स्प्रिंगा तपासा. जबडा बोटानं फिरवून सोडला की चटकन परत यायला हवा. खटकाही तसाच. धुतल्यावरही आळसावून येत असेल तर स्प्रिंग गेली. ती ओढून-वाकवून दिलेला ताण महिनाभर टिकतो, बाजारात ही स्प्रिंग सुटी मिळणं अवघड. तेव्हा लॉकच बदला. खटक्याच्या टोकाची कड आणि जबड्याचा दात गोल झिजलेले असतील तरीही तेच. असं झिजलेलं लॉक खड्ड्यात आपोआप उघडतं आणि ते अडकण्यापेक्षा जास्त धोक्याचं.

वंगण अगदी मोजकं. जबड्याच्या पिनेवर मशीन तेलाचा एक थेंब, खटक्याच्या पिनेवर एक थेंब. खटक्याचं टोक जबड्याच्या दाताला जिथं घासतं तिथं हरभऱ्याच्या दाण्याएवढं लिथियम ग्रीस, बोटानं पसरून. बाहेर आलेलं पुसून काढा. चाकाच्या बेअरिंगचं जाड ग्रीस, इंजिनाचं काढलेलं तेल, खायचं तेल यातलं काहीच नको. खायचं तेल तर काही महिन्यांत वार्निशसारखं घट्ट होतं.

बंद करण्याआधीची परीक्षा

लॉक मार्करच्या रेघेत बसवा, बोल्ट आवळा. हे बोल्ट बारीक असतात. पाना टेकल्यावर पाव फेरा पुरे, जास्त आवळले तर आटे जातात. केबल आणि दांडी जोडा. पॅनल अजून लावायचं नाही आणि झाकणही अजून बंद करायचं नाही.

उघड्या झाकणातच पेचकसाची दांडी जबड्याच्या खाचेत घालून कडीसारखी दाबा. बऱ्याच लॉकमध्ये दोन वेळा टक होतं, पहिल्या आवाजाला अर्धं लॉक आणि दुसऱ्याला पूर्ण. आता लीव्हर ओढा. जबडा झटकन उघडून पेचकस मोकळा व्हायला हवा. मग हेच चावीनं. दोन्हीनं दहा-दहा वेळा, एकदाही न चुकता, उघडलं तरच झाकण लावा. ही पाच मिनिटं वाचवायला गेलेल्यांना परत मागच्या सीटवरून डिक्कीत सरकावं लागतं.

केबल

डिक्कीची केबल कमजोर होते ती दोन ठिकाणी: लीव्हरजवळच्या टोकाला आणि लॉकजवळच्या वळणाला. टोकाजवळ तारेचे एक-दोन पदर तुटलेले दिसले तर केबल गेलीच म्हणून समजा, उरलेले पदर फार दिवस ताण सोसत नाहीत. तार फक्त जाम असेल तर केबलीचं एक टोक उभं बांधून नळीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशवीचा छोटा द्रोण करा. त्यात थोडं मशीन तेल ओता आणि रात्रभर झिरपू द्या. सकाळी तार पुढे-मागे करा. मऊ झाली तर चालेल. खरखर तशीच राहिली तर आत जंग आहे आणि ती पुन्हा अडकेल.

नवी केबल टाकताना जुनी आधी ओढून काढू नका. जुन्या केबलीच्या टोकाला पातळ बाइंडिंग तार किंवा मजबूत दोरा बांधा, मग जुनी ओढा. तिच्या मागोमाग दोरा गालिच्याखालून आणि पत्र्याच्या भोकांतून गाडीभर जातो. मग नवी केबल त्या दोऱ्याला बांधून उलट ओढून घ्या. हे न करता जुनी काढली तर अख्खा गालिचा उचलावा लागतो.

केबल फक्त टोकाशी तुटली असेल आणि तारेला थोडी लांबी शिल्लक असेल तर सायकल-मोटारसायकलच्या दुकानात स्क्रूनं आवळायचं निपल (तारेच्या टोकावरची गुंडी) मिळतं. तार सरळ कापा, पदर सुटू नयेत म्हणून टोकाला डिंक किंवा राळ लावा आणि निपल घट्ट आवळा. तात्पुरता पण विश्वासाचा उपाय आहे.

केबल बसवताना लीव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल राहायलाच हवी. तार ताणून बसवली तर खटका कायम अर्धा ओढलेला राहतो आणि एखाद्या खड्ड्यात डिक्की उघडते. नळीचं टोक ज्या पट्टीत अडकतं ती खाच वाकली असेल तर तार ओढताना नळीच सरकते आणि खटक्यापर्यंत ओढ पोहोचत नाही. केबल चांगली, लॉक चांगलं, तरी उघडत नाही, असं असेल तर इथं पाहा.

चावीचं सिलिंडर

अँबॅसडरसारख्या गाडीत डिक्की बाहेरून चावीनंच उघडते, त्यामुळे धूळ थेट सिलिंडरात जाते. इथं तेल किंवा ग्रीस घालू नका, त्यात धूळ मिसळून पिना रुततात. आधी हवा मारा. मग मऊ पेन्सिलीचं शिसं चावीच्या दातांवर भरपूर घासा, चावी आत-बाहेर करा, पुसा, पुन्हा घासा. पाच-सहा वेळा केल्यावर फरक कळतो. चावी अडली तर पिळू नका, जुन्या पितळी चाव्या आत तुटतात. नकल चावीची नकल वापरात असेल तर घरात ठेवलेली मूळ चावी शोधून लावून पाहा. दोष चावीचाच निघू शकतो.

चावी फिरते पण लॉक ऐकत नाही, तर सिलिंडरमागच्या दांडीची प्लास्टिकची क्लिप उन्हानं कडक होऊन तुटली असेल. क्लिप मिळेपर्यंत बाइंडिंग तारेचा ढिला फेरा देता येतो. तार आवळू नका, दांडीला फिरायला जागा हवी.

कडी आणि झाकण जुळवणं

मागून ठोकर लागलेली गाडी, किंवा ज्या गाडीत माल कोंबून झाकण दाबून लावलं जातं ती गाडी, यांची कडी हमखास सरकलेली असते. कडी खाचेच्या मध्यात न जाता एका बाजूला घासते, आणि लॉक धुऊनही डिक्की अडते.

हे पाहायला हळद पाण्यात किंवा तेलात कालवून कडीवर पातळ लेप द्या. झाकण हळूच टेकवा, दाबून लॉक करू नका, आणि उघडा. जबड्याच्या खाचेवर पिवळा डाग नेमका कुठं उमटला ते दिसतं. डाग डावीकडं असेल तर कडी उजवीकडं न्यायची. कडीचे दोन बोल्ट थोडे ढिले करा, कडी एका वेळी एक मिलिमीटरच सरकवा, आवळा, परत पाहा. झाकण खडखडत असेल तर कडी लॉकपासून किंचित दूर न्या, म्हणजे झाकण घट्ट ओढलं जाईल. आदळल्याशिवाय लागतच नसेल तर किंचित जवळ आणा. आपटून लावावी लागणारी डिक्की हे जुळणी चुकल्याचं लक्षण आहे, मजबुतीचं नाही.

कडीवरचा जंग बारीक सॅंडपेपरनं काढा. युरिया-डीएपीचा सांडलेला चुरा हवेतली ओल ओढतो आणि डिक्कीच्या पट्टीला, कडीला, बोल्टांना खातो. खताची खेप झाली की त्याच दिवशी ब्रशनं झाडून ओल्या फडक्यानं पुसा. खताखाली ताडपत्री अंथरली तर आणखी चांगलं.

रबर आणि वायर

रबर साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवा आणि त्यावर साधी टाल्कम पावडर चोळा. उन्हाळ्यात दोन महिन्यांनी एकदा केलं तरी रबर चिकटत नाही. रबरावर डिझेल, रॉकेल, ग्रीस नको, ते फुगतं आणि झाकणावरचा दाब वाढतो.

बटणानं उघडणाऱ्या गाडीत बटण दाबल्यावर मागे टक आवाज येतो का ते ऐका. आवाज येतो पण उघडत नाही, तर वर सांगितलेलं धुण्याचं काम. आवाजच नाही, तर आधी फ्यूज पाहा, मग बिजागराजवळची रबरी नळी. झाकण हजारो वेळा वर-खाली होऊन त्या नळीच्या आत वायर तुटते, बाहेरून काही दिसत नाही. वायर सोल्डर करा आणि वेगळं इन्सुलेशन चढवा. नुसती पिळून टेप मारलेली वायर पुन्हा सुटते.

मुलं आजूबाजूला असतील तर काम चालू असताना डिक्कीकडं लक्ष ठेवा. उन्हात बंद डिक्कीत अडकलेल्या मुलाला काही मिनिटांतच जिवाचा धोका होतो. डिक्कीच्या आत शिरून काम करताना बाहेर एक माणूस हवाच, आणि झाकण उघडं असेल तर ते दोरीनं वर बांधलेलं.

जुनं लॉक घ्यायचं झालं तर

जुन्या गाड्यांचं नवं लॉक मिळालं नाही तर तालुक्याच्या गावात सुट्या जुन्या पार्टचं दुकान बघावं लागतं. जाताना स्वतःचं लॉक सोबत न्या. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या सालांत बोल्टांचं अंतर आणि केबलीच्या खाचेची बाजू बदललेली असते, तोंडी नाव सांगून आणलेलं लॉक बरेचदा बसत नाही. दुकानातच पेचकस घालून दहा वेळा लावून-उघडून पाहा, दात आणि खटक्याची कड उजेडात तपासा. जमलं तर त्याच गाडीची कडीही घ्या. जबडा आणि कडी एकमेकांना घासून झिजलेले असतात, त्यामुळे जोडी जुळलेली असेल तर लॉक जास्त टिकतं. आणलेलं लॉक कितीही स्वच्छ दिसलं तरी गाडीत बसवण्याआधी एकदा धुऊन घ्या.